जातीचा रकाना

बारावीचे वर्ष म्हटले की माझ्या मैत्रिणींना रसायनशास्त्राची समीकरणे आठवतात, प्रॅक्टिकलची जर्नल्स आठवतात. मला आठवते ती एक निळी प्लास्टिकची पिशवी. कापडाच्या दुकानातून आलेली, तोंडाला नाडी असलेली. तिच्यात माझा शाळा सोडल्याचा दाखला होता, अब्बांचा होता, रेशनकार्डाच्या झेरॉक्स होत्या, स्टॅम्पपेपरवरची प्रतिज्ञापत्रे होती आणि वहीच्या कागदावर काढलेली आमच्या खानदानाची वंशावळ होती. २००५ च्या ऑगस्टपासून २००६ च्या ऑगस्टपर्यंत ही पिशवी आमच्या घरात एका खिळ्याला टांगलेली होती आणि त्या खिळ्याखाली बसून मी अभ्यास करत होते.

आमचे घर म्हणजे नायगावच्या बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने मुंबईत ज्या चाळी बांधल्या त्यातल्या ४२ इमारती नायगावात होत्या. तळमजला धरून चार मजले, एका मजल्यावर २० खोल्या, मधून लांबच लांब अंधारा पॅसेज आणि सामाईक संडास. काही इमारती पोलिसांच्या वाट्याला आल्या होत्या. अब्बा सशस्त्र पोलीस दलात हवालदार होते. नायगावचे मुख्यालय घरापासून चालत पाच मिनिटांवर. खोलीत आम्ही सहा जण: दादी, अब्बा, अम्मी, मी आणि दोन धाकटे भाऊ.

पहाटे साडेचारला पाणी यायचे. ते तासभरच. मी आणि अम्मी पिंप, हंडे, कळशा भरायचो. मग अब्बांचा डबा, भावांची शाळा, माझे परळचे कॉलेज. दुपारी अम्मी साड्यांना फॉल-बिडिंग करायची, तेव्हा खोलीभर साड्या पसरलेल्या असत आणि पाय ठेवायला जागा नसे. संध्याकाळी मी धाकट्यांचा अभ्यास घ्यायची. माझा स्वतःचा अभ्यास सुरू व्हायचा तो रात्री अकरानंतर, पॅसेजमध्ये, चटईवर. त्या पॅसेजमध्ये रात्री पाच-सहा मुले असायची, प्रत्येक जण आपापल्या दारासमोर, आपापले 'अपेक्षित' घेऊन. कुणाची एमपीएससी, कुणाची दहावी. रात्रपाळीहून येणारे पोलीस आमच्या वह्यांवर पाय पडू नये म्हणून भिंतीला घासून जायचे. कुणी कधी ओरडले नाही. आता टॉवरमध्ये राहणाऱ्यांना सांगितले तर खरे वाटत नाही, पण अभ्यासाला इतकी शांत जागा मला नंतर मिळाली नाही.

क्लास नव्हता. क्लासची फी आमच्या हिशेबाबाहेरची होती. माटुंग्याला पाच उद्यानांच्या बाजूला एक मैत्रीण राहायची, तिच्या नोट्स उतरवून घ्यायला मी चालत जायची. वाटेत हिंदू कॉलनीतल्या राजगृहावरून गेले तर थोडा लांबचा फेरा पडे, पण शेजारच्या काकूंनी मला तशी सवय लावली होती. पुढे व्हीजेटीआयचे फाटक. १८८७ ची संस्था, १९२३ पासून माटुंग्यात. पूर्वी व्हिक्टोरिया राणीच्या नावाची, १९९७ पासून वीरमाता जिजाबाईंच्या. फाटकातून आत-बाहेर करणारी मुले पाहत मी दोन मिनिटे उभी राहायची आणि पुढे जायची. ही माझी त्या वर्षातली एकमेव चैन.

बारावी सुरू होऊन दीड महिना झाला आणि २६ जुलै आला. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला जेमतेम ७३. आम्ही मधले. हिंदमाताला कमरेएवढ्या पाण्यातून मी घरी आले. अब्बा मात्र तीन दिवस आले नाहीत. ड्युटीवर असणार हे माहीत होते, तरी दादी दारात तसबीह घेऊन बसून होती. तिसऱ्या रात्री अब्बा आले, बूट काढले, आणि माझ्याकडे पाहून पहिला प्रश्न विचारला, "पुस्तकं भिजली नाहीत ना?" मी नाही म्हणाले. तेवढे बोलून ते झोपले.

अशा माणसाशी पुढच्याच महिन्यात माझे भांडण व्हावे याचे मला अजून वाईट वाटते.

ऑगस्टमध्ये कॉलेजात सरांनी सांगितले की ज्यांना राखीव जागेतून इंजिनीअरिंग किंवा मेडिकलला अर्ज करायचा असेल त्यांनी आतापासूनच जातीच्या दाखल्यामागे लागावे. नुसता दाखला चालणार नाही, त्याची पडताळणीही लागेल. जातपडताळणीचा कायदा महाराष्ट्रात ऑक्टोबर २००१ पासून लागू झाला होता. वर्गात बरेच हात वर झाले. माझा झाला नाही. माझ्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात 'मुसलमान' असे लिहिलेले होते आणि आमचे आडनाव शेख. विषय संपला, असे मला वाटले.

तो संपला नाही तो शेजारच्या काकूंमुळे. काकू बौद्ध. त्यांच्या मुलाने हे सगळे दोन वर्षांपूर्वी पार पाडले होते, त्यामुळे कुठला कागद कुठे मिळतो हे त्यांना तोंडपाठ. पाणी भरताना मी त्यांना सहज सांगितले. त्या हंडा खाली ठेवून म्हणाल्या, "अगं, पण तुझी आजी परवा सांगत होती ना, गावाला पानं विकायचा धंदा होता म्हणून? मग तुम्ही तांबोळी. तांबोळी ओबीसीत येतात, यादी बघ."

यादीत होते. तांबोळीच नव्हे, बागवान होते, अत्तार होते, पिंजारी होते. हे सगळे लोक माझ्या ओळखीचे, लग्नाकार्यात भेटणारे. राज्यात ओबीसींना १९ टक्के जागा. १९९० च्या दशकात शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, सभा घेतल्या, त्यांच्यासोबत दिलीपकुमारही गेले, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी वाचून कळले. आमच्या घरात दिलीपकुमारचे सगळे सिनेमे पाठ होते. हा एवढा मात्र आमच्यापर्यंत पोहोचला नव्हता.

रात्री मी अब्बांना सांगितले. ते जेवत होते. घास खाली ठेवून म्हणाले, "आपल्यात जात नसते."

मी यादीचे बोलले. ते म्हणाले, "नमाजला मी आणि कमिशनर साहेब एका रांगेत उभे राहू शकतो. आणि तू फॉर्मवर लिहिणार की माझा बाप पानवाला होता?"

"होता ना पण."

मी हे बोलायला नको होते. अब्बा ताटावरून उठले. त्यांच्या शाळेत त्यांना 'पानवाल्या' म्हणायचे हे मला तेव्हा माहीत नव्हते. शेख हे आडनावही त्यांनी पोलिसात भरती होताना लावून घेतले होते, १९७९ साली. वर्दी मिळाली आणि मागचे सगळे पुसले, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते. आणि मी त्यांना म्हणत होते की ते पुसलेले परत लिहून द्या, स्टॅम्पपेपरवर, सहीनिशी.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात हा संवाद थोड्याफार फरकाने झालेला असेल. दीनच्या दृष्टीने अब्बांचे चूक नव्हते. पण आपल्या समाजात जात नाही हे जेवढे खरे आहे तेवढेच हेही खरे की मुलीचे स्थळ पाहताना पहिला प्रश्न बिरादरीचा असतो. हे मी बोलू शकत नव्हते. दादी बोलू शकत होती. महिनाभर ती गप्प होती. मग रमजान लागला आणि एका पहाटे सहरीला, नळ सुरू होण्याची वाट पाहत आम्ही बसलो असताना, तिने अब्बांना विचारले, "तुझ्या भणीचं लगीन का मोडलं होतं रं?"

अब्बा काही बोलले नाहीत.

"सय्यदांनी सांगितलं, तांबोळ्याची पोर आम्हाला चालायची न्हाई. तवा जात हुती. आता पोरीच्या शिक्षणाला जात न्हाई व्हय? लगीन मोडायला हाय आन् शाळंला न्हाई?"

नळाला पाणी आले. अम्मी आणि मी उठलो. परत आलो तेव्हा अब्बांनी रोजाची नियत केली होती आणि खिळ्यावरची पिशवी त्यांच्या मांडीवर होती. ते एकेक कागद काढून चष्म्याशिवाय वाचायचा प्रयत्न करत होते.

ओबीसीसाठी पुरावा लागतो तो १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. त्या तारखेच्या आधी तुमचे पूर्वज या राज्यात, या जातीचे म्हणून राहत होते हे दाखवायचे. सगळ्यात सोपा पुरावा शाळेच्या रजिस्टरचा. आमचे गाव सातारा जिल्ह्यात, कोयनेच्या बाजूला. दादांचे, म्हणजे अब्बांच्या वडिलांचे नाव गावच्या शाळेत असणार होते. पण ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. कायद्याने धरलेल्या तारखेनंतर दोन महिन्यांच्या आत. शाळेची इमारत पडली, त्यात जुनी रजिस्टरे गेली. दादीला तो भूकंप काल झाल्यासारखा आठवायचा. ती सांगायची की पानांच्या पाट्या उपड्या झाल्या होत्या आणि ओल्या फडक्यातल्या कवळ्या अंगणभर पसरल्या होत्या, आणि तेवढ्यातही दादा पाने गोळा करत बसले कारण दुसऱ्या दिवशी बाजार होता. ही गोष्ट मी लहानपणापासून हसत ऐकत आले होते. शाळेचे कपाट त्याच पहाटे गाडले गेले हे तिच्या गोष्टीत कधी नव्हते.

दिवाळीची सुट्टी लागली. त्या वर्षी दिवाळी आणि रमजान ईद एकाच आठवड्यात आल्या. अब्बांनी चार दिवसांची रजा काढली आणि आम्ही दोघे परळहून एसटीने निघालो, रोजा ठेवूनच. मी खिडकीशी भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडून बसले होते. घाटात मळमळायला लागले तेव्हा मिटले.

शाळेत नाही तर कोतवाल बुकात पाहा, हे काकूंनी सांगून ठेवले होते. गावातले जन्म-मृत्यू जुन्या काळी कोतवाल बुकात लिहिले जात, गाव नमुना १४ म्हणतात तो हाच. त्यात बापाचे नाव असते आणि जातही असते. रेकॉर्ड रूममधून ते बाड निघाले. कडा वाळवीने खाल्लेल्या, आणि आत सगळी मोडी. अब्बांना ती येत नव्हती, कचेरीत त्या दिवशी असलेल्या कुणालाही येत नव्हती. शेवटी एक निवृत्त गुरुजी मिळाले. सत्तरी ओलांडलेले. हातात भिंग. दादांचा जन्म अंदाजे १९३४ चा, म्हणून ते १९३२ पासून वाचत निघाले. मराठा, मराठा, रामोशी, महार, न्हावी, मराठा. माणसाला जन्मतःच चिकटवलेले ते शब्द गुरुजी संथपणे वाचत होते आणि मी मनात म्हणत होते की आपला येऊ दे.

आला. १९३५ च्या पानावर. गुरुजींनी वाचले: बापाचे नाव, जात मुसलमान तांबोळी, मुलगा. मुलाचे नाव नव्हते. नुसता मुलगा.

अब्बा म्हणाले, "परत वाचा, गुरुजी."

गुरुजींनी परत वाचले. अब्बांनी वाकून त्या ओळीवर बोट ठेवले. त्यांना एक अक्षर लागत नव्हते, तरी बोट त्यांनी उजवीकडून डावीकडे आणि मग डावीकडून उजवीकडे फिरवले. आजोबांचे नाव त्यांनी लिहिलेले असे प्रथमच पाहिले होते. पणजोबा कधीच शाळेत गेले नव्हते, त्यांच्या नावाचा दुसरा कुठलाही कागद जगात नव्हता. गुरुजींनी पैसे घेतले नाहीत. "तुमच्या वडिलांकडून उधारीनं पानं खाल्लीत," एवढेच म्हणाले.

त्या एका ओळीची नक्कल, लिप्यंतर, तलाठ्याचा दाखला, वंशावळ. नोव्हेंबर, डिसेंबर असेच गेले. एका खिडकीवर एका माणसाने कागद न बघताच विचारले, "मुसलमानात कुठली आली जात?" नेमके अब्बांचे वाक्य. अब्बा माझ्या शेजारी उभे होते, वर्दीत. मला वाटले ते चिडतील. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, शासनाच्या यादीत आहे. क्रमांक सांगू?" त्यांनी तो पाठ केला होता.

फेब्रुवारीत दाखला हातात आला. प्रॅक्टिकल संपली होती, लेखी परीक्षा तोंडावर. आता पडताळणी. कॉलेजमार्फत अर्ज गेला आणि मी त्या पिशवीकडे पाठ करून अभ्यासाला बसले. पण पाठ केली तरी पिशवी असतेच. सेंद्रिय रसायन वाचताना मध्येच मनात यायचे, वंशावळीत चुलत दादांचे नाव बरोबर लिहिले का? गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री मी इंटिग्रेशन करत होते आणि भाऊ विचारत होता, "आपा, आपण तांबोळी की शेख?" मी म्हणाले, झोप.

परीक्षा बरी गेली. मेमध्ये सीईटी होती. त्याच्या आठ दिवस आधी समितीचे पत्र आले: कोतवाल बुकातला 'मुलगा' म्हणजे अर्जदाराचे आजोबाच, हे कशावरून? अतिरिक्त पुरावा सादर करावा.

प्रश्न चुकीचा नव्हता, हे आज मी मान्य करते. खोटे दाखले काढणारे थोडे नव्हते आणि त्यांच्यासाठीच कायदा होता. पण त्या रात्री मी पत्र फेकून दिले आणि पॅसेजमध्ये जाऊन रडले. अब्बांनी पत्र उचलले. त्यांनी तीन दिवसांची किरकोळ रजा टाकली, मला म्हणाले, "तू तुझं बघ, हे माझं आहे," आणि एकटेच गेले. दादांचे धाकटे भाऊ लहानपणी आत्याकडे राहून दुसऱ्या गावात शिकले होते, हे दादीने आठवून सांगितले होते. ती शाळा भूकंपात पडली नव्हती. तिथे १९५० च्या रजिस्टरात त्यांचे नाव निघाले, बापाचे नाव तेच, पुढे 'मुस्लिम तांबोळी'. अब्बा परतले तेव्हा माझी सीईटी झाली होती. पेपर कसा गेला हे त्यांनी विचारले, मी आधी नोंद मिळाली का ते विचारले. आम्ही एकाच वेळी बोललो.

पडताळणीचे प्रमाणपत्र आले ऑगस्टमध्ये. प्रवेशाच्या फेऱ्या होऊन गेल्या होत्या. प्रमाणपत्र नाही म्हणून माझा अर्ज खुल्या गटात धरला गेला आणि खुल्या गटातून मला नवी मुंबईतले एक खासगी कॉलेज मिळाले. राखीव यादीचे शेवटचे गुण मी पाहिले. माटुंग्याला मिळाले असते. अब्बांनी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले आणि मी चार वर्षे वडाळ्याहून हार्बरची गाडी पकडत राहिले. व्हीजेटीआयच्या बाजूने मी बरेच दिवस गेले नाही. नोट्सवाल्या मैत्रिणीलाही स्टेशनवर भेटायची.

मात्र बापाच्या बाजूने रक्ताच्या नात्यात एकाची पडताळणी झाली असली की पुढच्याला फारसा त्रास होत नाही. मधला भाऊ बारावीला आला तेव्हा त्याने माझे प्रमाणपत्र जोडले आणि त्याचे वेळेत झाले. तो माटुंग्याला गेला. पहिल्या दिवशी मला घेऊन गेला, "आपा, आत चल, नुसतं फाटक काय बघतेस." मी गेले. आत खूप झाडे आहेत.

दादी २०११ मध्ये गेली. अब्बा २०१६ मध्ये निवृत्त झाले आणि पोलिसांची ती खोली आम्ही रिकामी केली. नायगावात आता जुन्या चाळी पाडून ५०० चौरस फुटांच्या घरांचे टॉवर उभे राहत आहेत. २०१४ मध्ये मराठा समाजाला १६ टक्के आणि मुसलमानांना ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला होता. शिक्षणातले मुसलमानांचे आरक्षण उच्च न्यायालयाने रोखले नव्हते, पण अध्यादेशाची मुदत संपली आणि कायदा काही झाला नाही. अब्बा तेव्हा म्हणाले होते, "आपलं आपण काढलं ते बरं झालं." ज्यांचे कोतवाल बुकही सापडत नाही त्यांनी काय करायचे, असे मी विचारले. त्यावर ते गप्प राहिले.

२०२३ च्या हिवाळ्यात न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामामुळे गावोगावी कुणबी नोंदींचा शोध सुरू होता. ज्या बाडांना इतकी वर्षे कुणी हात लावला नव्हता ती बाहेर निघत होती आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला होता. आमच्या गावचा एक मराठा मुलगा पत्ता काढत आमच्या घरी आला. त्याची बहीण त्या वर्षी बारावीला होती. कुणीतरी त्याला सांगितले होते की तांबोळ्यांच्या हवालदारांना यातले सगळे ठाऊक आहे. 'तांबोळ्यांचे हवालदार', असेच तो दारात म्हणाला. मी अब्बांच्या चेहऱ्याकडे पाहिले. त्यांनी त्याला आत बसवले, चहा सांगितला आणि विचारले, "शाळेचं रजिस्टर मिळालं का?"

"नाही चाचा, शाळा भूकंपात पडली म्हणतात."

"माहीत आहे." अब्बांनी चष्मा लावला आणि अम्मीला कपाटातली निळी पिशवी आणायला सांगितली. "कोतवाल बुक बघ. आणि नुसता मुलगा लिहिलेलं निघालं तर तिथंच थांबू नको. त्याचा धाकटा भाऊ कुठल्या गावात शिकला ते आधी घरातल्या म्हातारीला विचार."